सहावा तुकडा

१

शुक्रवारी सकाळी भैरवी खुर्चीत टेकते न टेकते तोच कंपनीचे प्रमुख अनिरुद्ध सर यांनी तिच्यापुढं कोरं लेटरहेड ठेवलं. आपलं यंत्र चोख चाललं होतं, एवढं लिही आणि खाली सही कर, असं म्हणून ते तिथंच उभे राहिले. काय झालं, कुठं झालं, हे सांगायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. गेले तीन महिने भैरवीचं डोकं तसंही तापलेलंच होतं, त्यात सकाळी सकाळी हे. तिनं पेन काढलं नाही. आधी नीट सांगा, म्हणाली.

झालं होतं ते असं. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या एका दूध संकलन केंद्रात आदल्या दिवशी दुपारी चारच्या पुढं टँकर आला. टँकरवाल्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल लावून मागं सरकला. अठराशे लिटर दूध नासलं होतं. ती टाकी थंड ठेवणारं यंत्र भैरवीच्या कंपनीचं. धाराशिवच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली चालणारी सात माणसांची कंपनी ती. तिची यंत्रं टाकीचं तापमान मोजत, चार अंशांच्या वर गेलं की कॉम्प्रेसर सुरू करत, खाली आलं की बंद करत. त्या यंत्राच्या नोंदीत बुधवारी रात्रीपासून गुरुवारी दुपारपर्यंत चार अंश होते, आणि चार अंशांना दूध नासत नाही. तेव्हा केंद्राचे व्यवस्थापक रणधीरराव यांनी जागच्या जागी निकाल लावून टाकला, की टाकी धुतलेलीच नव्हती. टाकी धुण्याचं काम बब्रुवानचं. चौदा वर्षं केंद्रावर राबलेल्या त्या माणसाला त्यांनी चार लोकांदेखत घरी धाडलं. सोमवारी कंपनीचं पत्र हातात पडलं, की त्याचं नाव कायमचं कटणार होतं.

सही करून मोकळं व्हावं, असं भैरवीच्याही मनात आलं. यंत्रातला नवा ड्रायव्हर तिनं लिहिलेला. ड्रायव्हर म्हणजे सेन्सर जे सांगतो ते यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम. तिनं तो रक्त आटवून लिहिला होता आणि वाशीच्या यंत्रात तो याच सोमवारी पहिल्यांदा चढला होता. त्याला कुणी बोट लावू नये, असं तिला का वाटणार नाही? तरी न बघता सही करायची सवय नव्हती म्हणून तिनं नोंद उघडली.

आधीच्या दिवसांचे आकडे हलत होते. ३.८, ४.१, ४.४, पुन्हा ३.९. बुधवारी रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी ४.० आला, आणि तिथून पुढं एकोणीस तास, दर मिनिटाला, ४.०. भैरवीनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. गुरुवारी सकाळी सहा ते साडेआठ या वेळात गावातून नऊशे लिटर दूध आलं होतं. वैशाखातलं, नुकतं पिळलेलं, जनावराच्या अंगाइतकं गरम दूध. ते आतल्या थंड दुधावर ओतलं तरी आकडा तसूभर हलला नव्हता.

"सर, मी सही करत नाही," ती म्हणाली. "हा आकडा खोटा आहे."

२

"खोटा असेल तर तो तुझ्याच ड्रायव्हरनं दिलाय," सर शांतपणे म्हणाले आणि आपल्या केबिनमध्ये गेले. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. भैरवीच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

या ड्रायव्हरनं तिला किती छळलं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फेब्रुवारीत नव्या जातीचे सेन्सर आले आणि जुन्या ड्रायव्हरचं त्यांच्याशी जमेना. भैरवीनं मान मोडून एकोणीसशे ओळींचा बदल लिहिला, टाकीवर लावून बघितला, चालला. मग तो तिनं मोठ्या उत्साहानं कोड रिव्ह्यूला, म्हणजे बाकीच्यांनी तपासायला, टाकला. सरांनी तो न वाचताच परत केला. एवढा मोठा बदल कुणी वाचू शकत नाही, लोक नुसतं वाचल्याचं सोंग करतात, असं त्यांचं म्हणणं. याचे तुकडे कर. एका तुकड्यात एकच गोष्ट. आणि प्रत्येक तुकडा जोडल्यावर यंत्र चालत राहिलं पाहिजे.

म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर अधिक राग येत होता. चाललेलं, तयार असलेलं काम उसवायचं आणि पुन्हा नऊ तुकड्यांत शिवायचं. त्यात ती शेवटची अट फार वाईट. चौथ्या तुकड्यात नवा सेन्सर वाचायला सुरुवात होणार, पण सेन्सर गप्प बसला तर भोंगा वाजवायची सोय येणार पाचव्यात. मग चौथा तुकडा एकटा चालावा कसा? भैरवीनं त्यात तीन ओळींचा टेकू लावला. सेन्सरचं उत्तर आलं नाही तर मागचाच आकडा पुढं दे. स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग ठोकतात तसंच हे, स्लॅब वाळला की काढायचं. पाचव्या तुकड्यात भोंगा आला आणि सहाव्यात तिनं टेकू काढून टाकला होता.

हे नऊ तुकडे तीनदा परत आले. पहिल्यांदा, एका तुकड्यात दोन गोष्टी मिसळल्यात म्हणून. दुसऱ्यांदा क्रम चुकला म्हणून. तिसऱ्यांदा आठव्या तुकड्यातल्या एका नावावरून. त्या दिवशी भैरवीचा तोल सुटला. भर ऑफिसात उभी राहून तिनं जाहीर केलं, की आता यातला एक जरी तुकडा परत आला तर मी राजीनामा टाकून तुळजापूरला शाळेत शिकवायला जाईन. नंतर चार दिवसांत नऊच्या नऊ तुकडे चकार शब्द न निघता जोडले गेले. अखेर यांना माझं काम पटलं, असं समजून तिनं सगळ्यांना भजी खिलवली होती.

आता तिनं वाशीच्या यंत्रातला कोड उघडला. सहावा तुकडा जोडलेला दिसत होता. त्याचं नाव तेच होतं, लेखक म्हणून तिचंच नाव होतं. वरचं वर्णनही तिनंच लिहिलेलं, तिला पाठ असलेलं, म्हणून तिनं त्यावरून नुसती नजर फिरवली आणि खाली गेली.

टेकू जागच्या जागी होता. तिन्ही ओळी. सहाव्या तुकड्यात सगळं होतं, फक्त त्या काढून टाकल्याचा पत्ता नव्हता.

३

कोडमध्ये टेकू राहिला, एवढ्यानं तो दूध नासवत नाही. सेन्सर मुळात गप्प बसला का, हे टाकीजवळच कळणार होतं. शनिवारी सकाळच्या एसटीनं भैरवी येरमाळ्यावरून वाशीला गेली.

रणधीरराव मनानं वाईट नव्हते. त्यांनी आधी चहा मागवला, मग पत्राची चौकशी केली. बब्रुवान कामाला चांगला, पण वय झालं, आता अंग चोरतो, असं त्यांचं मत पडलं. भैरवीनं विचारलं, यंत्रच चुकलं असेल तर? ते हसले. "अहो मॅडम, माणूस खोटं बोलतंय. मशीन कशापायी बोलंल? त्याला ना पगार, ना सुट्टी." भैरवीला हसू आलं नाही. यंत्राला खोटं बोलायला शिकवणारं कुणीतरी आपल्याच ऑफिसात बसलंय, हे ती त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होती?

बब्रुवानचं घर केंद्राच्या मागच्या गल्लीत. पन्नाशीचा, काटक माणूस. ओट्यावर बसून तो दुधाचा एक रिकामा कॅन राखेनं घासत होता, आणि कॅन आधीच लखलखीत होता. त्यानं आधी बोलायलाच नकार दिला. कंपनीची बाई म्हणजे रणधीररावांचंच माणूस, असा त्याचा हिशोब. भैरवी ओट्याच्या कडेला बसून राहिली. बऱ्याच वेळानं तो आपणहून बोलू लागला.

"बुधवारी टँकर गेल्यावर म्या टाकी आतून धुतली. सोडा टाकून, ब्रशानं. सांजचं दूध भरून गार झाल्यावर रात्री नऊला फरशी धुतली, टाकीला भाईरून पाइप मारला. सांडलेलं दूध वाळलं की वास मारतंय."

"टाकीवरही पाइप मारलात, मामा? ती वायर जाते त्या अंगाला?"

"मग? निस्ती फरशी धुऊन भागतंय व्हय?"

रात्री नऊ. आकडा गोठला तो नऊ वाजून बारा मिनिटांनी. गुरुवारी काय झालं, ते तिनं विचारलं. बब्रुवाननं हातातली राख झटकली. सकाळपासून कॉम्प्रेसरचा आवाज नव्हता, पण थंड झाल्यावर तो बंदच असतो, म्हणून त्याला काही वाटलं नाही. दुपारी बाराला त्यानं टाकीला सहज हात लावला, तर कोमट लागली. स्क्रीनवर बघितलं तर चार. त्यानं रणधीररावांना फोन लावला.

"सायेब म्हनले, स्क्रीन काय म्हंतंय? म्या म्हनलं, चार. ते म्हनले, मग मशीन सोड आन् तुजा हात तपासून घे." त्यानं कॅन पुन्हा जवळ ओढला. "म्याबी म्हनलं, आपलाच हात गरम असंल. उनाचं हाय."

नोकरीपेक्षा त्याला दुसरंच सलत होतं. चौदा वर्षांत त्याच्या टाकीला कधी वास आला नव्हता आणि आता गल्लीतली माणसं त्याला घाणेरडा म्हणत होती. त्याची बायको पाणी भरायला गेली की बायका तोंड फिरवत होत्या. भैरवीनं त्याला धीर द्यायला हवा होता, पण ती उठली आणि निघाली.

परतताना ती केंद्रात गेली आणि टाकीच्या मागं वाकली. सेन्सरची वायर जिथं आत शिरते तिथल्या सांध्यावरचं रबरी टोपण ढिलं होतं. आत पाण्याचे पांढरट डाग वाळले होते. बब्रुवाननं टाकी धुतली, पाणी सांध्यात शिरलं आणि सेन्सर गप्प झाला. धुतली नाही म्हणून ज्याला घालवलं, त्याच्या धुण्यानंच हे घडलं होतं. पण सेन्सर गप्प झाला तर भोंगा वाजलाच पाहिजे, असं भैरवीनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. ते लिहिलेलं कुणीतरी उचललं होतं, आणि हे करू शकणारी माणसं तीनच होती.

४

पहिला संशय मुकुलवर. मुकुल तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, सम आकड्यांचे तुकडे तपासणारा. काम लवकर उरकून मोकळं व्हायची त्याला भारी हौस. सहावा तुकडा त्यानंच पास केला होता. शनिवारी दुपारी ऑफिसात पोचल्या पोचल्या भैरवीनं त्याला धरलं. तू त्या तीन ओळींना हात लावलास का, असं तिनं सरळ विचारलं.

मुकुल दुखावला. मी आळशी असेन, चोर नाही, म्हणाला. मग त्यानं फोन काढला. रिव्ह्यूला काहीही आलं की सगळ्यांना मेल जातो, आणि त्या मेलमध्ये तुकड्यात किती ओळी बदलल्या ते लिहिलेलं असतं. तिसऱ्या फेरीत सहाव्या तुकड्यात एक्केचाळीस ओळी होत्या. त्यानं तो पास केला, तेव्हाही एक्केचाळीसच.

"आणि जोडला गेला तेव्हा?" भैरवीनं विचारलं.

मुकुलनं मेल वर सरकवला आणि त्याचा चेहरा बदलला. जोडताना अडतीस झाल्या होत्या. तीन ओळी त्याच्या तपासणीनंतर गेल्या होत्या. हा मेल तुलाही आला असणार, तो म्हणाला. भैरवीला आला नव्हता. राजीनाम्याची धमकी दिली त्या दिवशी रागाच्या भरात तिनं रिव्ह्यूचे सगळे मेल बंद करून टाकले होते. त्यांचं तोंडसुद्धा बघायचं नाही, असं ठरवून.

दुसरी शिवकन्या. ढोकीची, शेतकऱ्याघरची, कंपनीत सगळ्यांत लहान. प्रत्येक तुकडा जोडण्याआधी ती तो टेबलावरच्या यंत्रात चढवून बघायची. बादलीत पाणी, पाण्यात सेन्सर, आणि शेजारी खिडकीत गरगरणारा वाळ्याचा कूलर. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली दुसरा इलाजच नव्हता. तिच्याकडं एक वही होती आणि वहीत तारीखवार निकाल. पाचवा तुकडा पास. सहावा मागच्या आठवड्यात मंगळवारी नापास. सहावा बुधवारी पास.

एकच तुकडा आज नापास आणि उद्या पास कसा होतो, असं भैरवीनं विचारलं. शिवकन्या घाबरली नाही.

"भैरवीताई, मंगळवारी भोंगा पाच वेळा वाजला. पाणी गार होतं, वायर जागेवर होती, तरी वाजायचा. मी सांगितलं की सहाव्यात काहीतरी हाय. बुधवारी मला नवीन फाइल मिळाली, ती लावली तर एकदाबी वाजला न्हाई. मला वाटलं तुम्हीच दुरुस्त केलं."

भैरवीनं दुरुस्त केलं नव्हतं. तिच्यापर्यंत हे आलंच नव्हतं. ती टेबलाशी गेली, बादलीतल्या सेन्सरची वायर उचलली आणि सांधा बोटानं चाचपला. कूलरचा गार, ओला वारा थेट त्यावर येत होता. सांधा दमट होता. टोपण ढिलं होतं, वाशीसारखंच.

"नवीन फाइल कुणी दिली?" तिनं विचारलं, पण उत्तर तिला आधीच कळलं होतं. तपासलेले तुकडे जोडायची किल्ली साऱ्या कंपनीत एकाच माणसाकडं होती.

५

अनिरुद्ध सर घरी निघायच्या बेतात होते. भैरवीनं केबिनचं दार लावलं आणि उभ्या उभ्याच सगळं मांडलं. सेन्सर नऊ वाजून बारा मिनिटांनी पाण्यानं गप्प झाला. टेकू राहिल्यामुळं ड्रायव्हरनं मागचाच चार अंश पुढं दिला. चार दिसले म्हणून कॉम्प्रेसर लागला नाही आणि भोंगा वाजला नाही. टेकू काढणाऱ्या तीन ओळी मुकुलनं पास केल्या तेव्हा होत्या, जोडल्या तेव्हा नव्हत्या. मंगळवारी शिवकन्याच्या टेबलावर भोंगा वाजला, बुधवारी थांबला. मधे तुकड्याला हात लागला तो एकट्या तुमचा.

सर नाकारतील, चिडतील, अशी तिची तयारी होती. त्यांनी बॅग खाली ठेवली.

"मीच काढल्या," ते म्हणाले. "मला वाटलं कूलरच्या ओलाव्यामुळं वाजतोय. आपल्या टेबलाची कटकट, ग्राहकाच्या टाकीची नाही. तो भाग पुढं वेगळा दहावा तुकडा म्हणून घेऊ, असं ठरवलं. लिहूनही ठेवलं होतं."

त्यांनी सहावा तुकडा उघडून दाखवला. भैरवीनं पाठ आहे म्हणून ज्या वर्णनावरून नजर फिरवली होती, त्याच्या तळाशी एक ओळ तिची नव्हती. टेबलावर भोंगा विनाकारण वाजत असल्यानं तीन ओळी तूर्त वगळल्या, असं तिथं साधं सरळ लिहिलेलं होतं. दहा दिवस ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं आणि कुणीही वाचलं नव्हतं.

भैरवीच्या कानशिलात आग पेटली. भोंगा विनाकारण वाजत नव्हता. टेबलावरच्या सांध्यात ओल शिरत होती, तीच वाशीत शिरली. यंत्र खरं सांगत होतं, तेव्हा त्याचं तोंड दाबलं यांनी. शेपटासारखा लांबलचक बदल कुणी वाचत नाही म्हणून तिला तीन महिने नाचवलं, आणि एक ओळ लिहिली तर ती वाचायला कुणी नाही. हे सगळं तिनं सरांना ऐकवलं, एक शब्द गाळला नाही.

"बाकी सगळ्या गोष्टींसाठी तीनतीनदा परत पाठवलात," ती शेवटी म्हणाली. "मग हीच एक का नाही पाठवली? मी पाच मिनिटांत सांगितलं असतं, भोंगा खरा आहे म्हणून."

सरांनी उघडलेला तुकडा बंद केला. मग म्हणाले, "तू राजीनामा देशील असं म्हणाली होतीस. मला ते खरं वाटलं, भैरवी. तुझ्याकडं परत पाठवायची हिंमत झाली नाही."

भैरवी खुर्चीत बसली. राग कुठं गेला नाही, पण आता तो एकट्या सरांवर राहिला नाही. ते चार दिवस तिला आठवले. मुकुल तिच्या टेबलाला वळसा घालून जायचा. शिवकन्या वही घेऊन यायची आणि तिचा चेहरा बघून परत फिरायची. दर फेरीला नऊ तुकड्यांची बेरीज मूळ बदलाशी ताडून बघायची तिची पद्धत होती. शेवटी जोडून झाल्यावर मात्र तिनं बघितलं नव्हतं, कारण तिला त्याचा वीट आला होता. दोन मिनिटांचं काम होतं ते. तीन ओळींचा फरक लगेच उठून दिसला असता.

सरांनी एक तोडगा सुचवला. टेकू आज काढू, सांध्यावर पक्कं टोपण बसवू, आणि बब्रुवानला ठेवून घ्या अशी रणधीररावांना तोंडी विनंती करू. पत्रात तपशील कशाला? सात माणसांची कंपनी, अकरा केंद्रांचं काम हातात. भैरवीनं नकारार्थी मान हलवली. तोंडी विनंतीनं नोकरी मिळेल, पण टाकी घाणेरडी होती हे तसंच राहील, म्हणाली. पत्र मी लिहितो, एवढंच सर म्हणाले.

रविवारी दुपारी त्यांचा मसुदा आला. काही तांत्रिक कारणांमुळं अचूकतेवर परिणाम झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यात होतं. भैरवीनं तो परत पाठवला. दुसरा आला, त्यात यंत्राची चूक आणि केंद्रातली ओल एकाच वाक्यात मिसळली होती. तोही परत गेला. एका वाक्यात एकच गोष्ट लिहा, असं तिनं खाली लिहिलं. तिसऱ्या वेळी चार ओळी आल्या. आमच्या यंत्रानं एकोणीस तास खोटा आकडा दाखवला. त्यामुळं टाकी थंड झाली नाही. ही चूक आमच्या प्रोग्राममधली आहे. बब्रुवान यांचा यात काही दोष नाही. खाली सरांची सही होती. भैरवीनं शेजारी आपली केली.

६

सोमवारी सकाळी साडेसहाला सरांच्या जुन्या गाडीतून दोघं वाशीला पोचले. केंद्रावर कॅन घेऊन आलेल्यांची रांग लागली होती. रणधीररावांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. बाराच्या फोनचं त्यांना आठवलं असावं. बब्रुवानला बोलवून घेतो, आजपासून येऊ दे कामाला, असं ते खालच्या आवाजात म्हणाले आणि एका पोराला त्याच्या घरी धाडलं.

बब्रुवान आला, पण फाटकाच्या आत पाय टाकेना. पत्र त्याला वाचून दाखवलं, तरी नाही. रणधीरराव जरा चिडून म्हणाले, आता काय पाय धरू का तुझे?

"पाय नगा धरू, सायेब," तो म्हणाला. "घरी धाडलं ते समद्यांम्होरं. आता बलवायचं तेबी समद्यांम्होरं."

रणधीरराव सरांकडं बघू लागले, सर भैरवीकडं. मग भैरवीच रांगेपुढं जाऊन उभी राहिली. तिनं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. सेन्सर म्हणजे काय, तो सांधा कुठं असतो, त्यात पाणी कसं गेलं, ड्रायव्हर काय करतो, त्याचे नऊ तुकडे का करावे लागले, चौथ्यात टेकू कशाला लावला, सहाव्यातून तो कसा निघाला नाही. माणसं शांतपणे ऐकत होती. ऊन चढत होतं, दूध ताटकळत होतं, आणि आपण यांना काहीच समजावू शकत नाही हे भैरवीला धडधडीत दिसत होतं. तिनं पाचव्या तुकड्यातला भोंगा पुन्हा एकदा सांगायला सुरुवात केली.

रांगेत पुढं मथुराबाई नावाची एक म्हातारी होती. दोन म्हशींचं दूध रोज स्वतः डोक्यावरून आणणारी. तिनं हात वर केला.

"बाई, ते तुकडं-बिकडं ऱ्हाऊ दे. बब्रुवाननं टाकी धुतली हुती का न्हाय, तेवढं सांग."

भैरवी थांबली.

"धुतली होती," ती म्हणाली.

"आतून?"

"आतून आणि बाहेरूनही. चूक माझी होती, मावशी. त्यांची नाही."

मथुराबाईनं तिच्याकडं एकवार नीट बघून घेतलं. मग डोक्यावरचा कॅन उतरवून खाली ठेवला, झाकण काढलं आणि फाटकाकडं वळली.

"मग तितं का उभा ऱ्हायलास? दूध घे की."

बब्रुवान आत आला. रणधीररावांपुढून, सरांपुढून, भैरवीपुढून तो कुणाकडं न बघता नळाशी गेला आणि त्यानं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. बराच वेळ धुतले. सगळी रांग थांबली होती, पण कुणी घाई केली नाही.